डावीकडून अठरावं भोक

७ जानेवारी

बारक्या,

पत्र बघून दचकू नकोस, कुणी गेलेलं नाही. फोन करून करून बोट दुखायला लागलं. दर वेळी तुझी बायको उचलते, "हे घरी नाहीत, ताई" म्हणते, आणि मागून तुझा खोकला ऐकू येतो. घसा दाखवून घे एकदा. त्या बिचारीला माझ्यापायी खोटं बोलायला लागतं, म्हणून हे पत्र. पत्राला काही घरी नाही म्हणून सांगता येत नाही.

काम एवढंच आहे, की आपल्या घुबड पेडलचा खरा लेआउट, बोर्डाचा नकाशा, कोणता ते कळव. फाइलीत एकच कागद सापडला, तुझ्या हातचा, आलेखाच्या कागदावर पेन्सिलीने काढलेला, कोपऱ्यात दोन वाटोळे डोळे. त्यावरून मी तीन बोर्ड केले. तिन्ही मुके. पेडल दाबलं की लाल दिवा लागतो आणि पुढे सगळी शांतता. सोल्डरिंग मी दोनदा तपासलं, ट्रान्झिस्टर बदलले, बॅटरी नवी घातली. हात तेच आहेत, सोल्डरिंगचं आयर्न तेच आहे. तेव्हा कागदातच काहीतरी आहे.

घाई अशासाठी, की दाढीवाला आला होता. आपलं पहिलंवहिलं घुबड घेऊन गेलेला गिटारवाला, तोच. त्याचं पेडल गाडीतून चोरीला गेलं. फेब्रुवारीच्या शेवटी तो दौऱ्यावर निघणार, त्याला दोन घुबडं हवीत. म्हणाला, "दुसरी पेडलं आवाज फाडतात आणि गप्प बसतात. हे शेवटी घुमतं. तार सोडली की हूं करतं. मला तो हूं पाहिजे." मी म्हटलं, मिळेल. मग म्हणाला, "भाऊ कुठेत?" मी म्हटलं, त्याला बाहेर चांगली नोकरी लागली. तुझ्या त्या गोदामातल्या नोकरीला एवढं चांगलं अजून कुणी म्हटलं नसेल, म्हणून सांगून ठेवते.

तू गेल्यापासून मला वाचायला कुणी नाही. एका हातात बोर्ड, एका हातात आयर्न, डोळ्याला भिंग, मग कागद कुठे बघू? म्हणून शेजारच्या शिंपीकाकांना बसवलं तुझ्या स्टुलावर. त्यांना सगळं पहिल्यापासून सांगायला लागलं. हा बोर्ड, ह्याला वरून नुसती भोकं, खालून तांब्याच्या पट्ट्या. वरून भाग बसवायचे, खाली सोल्डर करायचं. आणि जिथे पट्टी तोडायची तिथे कागदावर फुली असते, तिला कट म्हणायचं. तुम्ही नुसतं वाचायचं, वरून कितवी पट्टी, डावीकडून कितवं भोक. ते म्हणाले, "आणि ही डबी करते काय?" गिटार आणि अॅम्प्लिफायरच्या मध्ये लावतात, म्हटलं, पायाने दाबली की चांगला आवाज फाटतो. काकांनी डबी हातात घेऊन उलटीपालटी केली. "माझ्याकडे लोक फाटलेलं शिवायला येतात," म्हणाले, "आणि तुमच्याकडे फाडून घ्यायला?"

वाचतात मात्र असं, की जणू कोर्टात साक्ष देताहेत. "चौथी पट्टी. पूर्णविराम. सातवं भोक. पूर्णविराम." एकदा शिंक आली तर तीही बोर्डावर बसवायची का, असं विचारायची पाळी आली माझ्यावर. तू असतास तर हसून स्टुलावरून पडला असतास.

आता विषय निघालाच आहे तर बोलून टाकते. एवढ्याशा वाक्यावरून माणूस घर सोडत नाही. तो मासिकवाला आला, माझे फोटो काढले, तुझ्याकडे बघून "हे कोण?" म्हणाला. मी म्हटलं, माझा भाऊ, मला वाचून दाखवतो. तो म्हणाला, वाचून म्हणजे? मी म्हटलं, लेआउट वाचतो, त्यात काय, कुणीही वाचेल. यात खोटं काय होतं? सगळे हसले. तूसुद्धा हसलास, मी पाहिलंय. आणि पुढच्याच आठवड्यात दुकानाची किल्ली टेबलावर ठेवून निघालास. रागावला असतास, भांडला असतास तर मी दोन शब्द जास्तीचे बोलून मोकळी झाले असते. तू हसलास, त्याचं मी काय करू?

असो. कागद पाठव. किंवा फोन उचल.

ताई


१९ जानेवारी

उत्तर नाही. ठीक आहे. मला माझं उत्तर मिळालं.

काल शाळेतल्या एका मास्तरांचं जुनं घुबड आलं दुरुस्तीला. काही मोठं नाही, वायर खुपसायचा जॅक ढिला झाला होता. डबी उघडली तर समोर आपलाच बोर्ड, तू वाचलेला आणि मी केलेला, इतकी वर्षं ठणठणीत वाजणारा. म्हटलं, बरं झालं, आता ह्याच्यावरून बघू. बोर्ड सोडवला, उलटा केला आणि भिंगाखाली धरून कट मोजले. वरून चौथी पट्टी, डावीकडून अठरावं भोक. मग तुझा कागद काढला. वरून चौथी पट्टी, डावीकडून सातवं.

एक कट चुकला असता तर म्हटलं असतं, पेन्सिल घसरली. मी सगळे मोजले. एकही जुळत नाही. पट्टी बरोबर आणि भोक खोटं, प्रत्येक वेळी.

म्हणजे तू जाताना खरा कागद घेऊन गेलास आणि हा खोटा काढून ठेवलास. वर तुझे ते दोन डोळेही काढलेस, म्हणजे मला संशय येऊ नये. मी इकडे तीन बोर्ड वाया घालवले, रोज कानाला हेडफोन लावून शांतता ऐकत बसले, शिंपीकाकांच्या गिऱ्हाइकांच्या विजारी माझ्यापायी रखडल्या, आणि तू तिकडे खोकत मजा बघत होतास.

मला वाटलं होतं तू रुसलायस. रुसलेल्या माणसाची समजूत काढता येते. हे रुसणं नाही, हा दावा आहे. बाबांनी दुकानातली खुर्ची मला दिली ते तुझ्या पोटात अजून दुखतंय, एवढंच मला कळलं. मग एकदा तोंडावर ऐकून घे. खुर्ची मला मिळाली कारण माझ्या हातात काम होतं आणि तुझ्या हातात कागद होता. मी तेव्हा मासिकवाल्याला जे सांगितलं ते शंभर टक्के खरं होतं. उलट मी कमीच बोलले.

दाढीवाल्याचं काम मी कसं करायचं ते बघून घेईन. तुझा फोन आला तर आता मी घरी नसेन.

ताई


२० जानेवारी

बारक्या,

कालचं पत्र वाचू नकोस. हे आधी पोचणार नाही, मला माहीत आहे. तरी लिहिते आहे.

सकाळपासून मी पोस्टाच्या पेटीपाशी उभी होते. पोस्टमन आला, कुलूप उघडलं, मी म्हटलं, त्यात माझं एक पाकीट आहे, तपकिरी, ते परत द्या. तो म्हणाला, "बाई, पेटीत पडलं की ते तुमचं नाही. ज्याचं नाव वर आहे त्याचं." मी म्हटलं, तो माझा भाऊ आहे. म्हणाला, "मग तर द्यायलाच पाहिजे." मी त्याच्या थैलीला हात घातला. रस्त्यावर माणसं थांबून बघायला लागली. तो चांगला माणूस, ओरडला नाही, नुसती थैली दुसऱ्या खांद्यावर घेतली आणि सायकल काढली. मी चालत परत आले. तुला आवडलं असतं बघायला, तुझी ताई भररस्त्यात पोस्टमनशी झटापट करताना.

झालं ते असं. काल पत्र टाकून आले आणि तुझा कागद पुन्हा हातात घेतला. मनात होतं, याने खरा कट खोडून खोटा काढला असेल, तर खोडरबराच्या खुणा दिसतील. म्हणून कागद खिडकीच्या काचेवर लावला, बाहेर छान ऊन होतं. खुणा दिसेनात. मागच्या बाजूने दिसतील म्हणून कागद फिरवला आणि पाठमोरा धरला. पेन्सिलीच्या रेघा उन्हातून आरपार दिसत होत्या. मी सवयीने मोजलं. वरून चौथी पट्टी, डावीकडून अठरा.

मी दुसरा कट मोजला. मग तिसरा. मास्तरांचा बोर्ड शेजारी धरला. सगळं एक होतं.

कागदावर बोर्ड वरून दिसतो तसा काढलेला असतो, कट मात्र खालून करायचे असतात. बोर्ड उलटा केला की उजवं डावीकडे येतं आणि डावं उजवीकडे. इतकी साधी गोष्ट. या धंद्यात पहिल्या दिवशी सांगतात ही. मला कुणी सांगितली नाही, कारण मला कधी लागलीच नाही. तू वाचायला लागल्यापासून मी कधी कागद बघितलाच नाही. कागद तुझ्या मांडीवर असायचा, आणि मान वर केली की तू म्हणायचास, "तू हातातलं बघ, ताई."

भाग वाचताना तू कागदावर होतं तसं वाचायचास. कट आला की पंचवीसमधून वजा करायचास. बोर्डाला चोवीस भोकं, कागदावर सात, म्हणून अठरा. कागदावर नऊ, म्हणून सोळा. तोंडातल्या तोंडात करायचास. मला नुसतं तयार उत्तर मिळायचं, आणि मला वाटायचं, कागदावरच तसं लिहिलंय.

आणि बारक्या, प्रत्येक कटच्या आधी तू जरासा थांबायचास. ते मला आत्ता आठवतंय. अगदी जरासा. मी म्हणायचे, "झोपलास का? वाच की भरभर." तू म्हणायचास, "हो, हो. डावीकडून अठरा." हे मी तुला किती वेळा म्हटलं असेन? प्रत्येक बोर्डाला, प्रत्येक कटला. आणि तू एकदासुद्धा म्हणाला नाहीस, की थांब, तुझ्यासाठीच उलटं करतोय.

का नाही बोललास? मासिकवाल्यासमोर तरी बोलायचंस. एका वाक्यात माझं तोंड बंद झालं असतं.

ते पत्र फाड. वाचलंच असशील तर विसर. विसरता येणार नाही, पण म्हणून टाकते.

ताई


२ फेब्रुवारी

बारक्या,

तुझ्या बायकोशी बोलले. तिने सगळं सांगितलं, बिचारी कुजबुजत बोलत होती. ते तपकिरी पाकीट आलं तेव्हा तू ते उघडलंस आणि तिला मोठ्याने वाचून दाखवलंस. माझा आवाज काढून. ती म्हणाली, "ताई, इतकं हुबेहूब वाचलं यांनी की मला आधी हसू आलं. मग कळलं काय वाचताहेत ते." खुर्चीचं वाक्य तू दोनदा वाचलंस म्हणे. मग पाकिटात परत घालून ठेवलंस आणि कामावर गेलास. त्याच्या पुढचं पत्र आलं ते तू एकट्याने वाचलंस. ते तिला दाखवलं नाहीस.

मी तिला विचारलं, त्याने कधी सांगितलं का गं तुला, की तो माझ्यासाठी उलटं वाचतो? ती म्हणाली, "लग्न झालं तेव्हाच सांगितलं. म्हणाले, आमच्या ताईला कळू देऊ नकोस. तिला वाटतं ते सुटलंय तिचं, तर वाटू दे."

सुटलंय म्हणजे काय, ते आपल्या दोघांनाच माहीत होतं. तिसरे बाबा.

लहानपणी मी चपला उलट्या घालायचे, दार ढकलायचं तिथे ओढायचे. बाबा म्हणायचे, हिला डावं-उजवं कळत नाही. मी हसण्यावारी न्यायचे. मग आयर्न हाताला लागून उजवं मनगट भाजलं आणि मला खूण मिळाली. भाजलेला तो उजवा. अजूनही रस्ता सांगताना मी हळूच मनगटाकडे बघते, तुझ्या लक्षात आलं असेलच. तुझ्या सगळंच लक्षात यायचं.

पण बाबांनी पहिला बोर्ड दिला तेव्हा मनगट काही उपयोगी पडलं नाही. ते म्हणाले, कागदावर बघ आणि कट कर. मी कागदावर बघितलं आणि कट केले. सगळे चुकीच्या टोकाला. दुसरा बोर्ड, तेच. बाबा ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं. त्यांनी माझ्या हातातून आयर्न काढून घेतलं, स्टँडवर ठेवलं आणि म्हणाले, "राहू दे. हे तुझं काम नाही. बारक्या मोठा झाला की करेल." दुकानात खुर्ची एक, आयर्न एक. ते तुझ्यासाठी ठेवलं होतं त्यांनी.

मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडून बसले. मला वाटलं, कुणाला ऐकू जात नाही. तुझी बायको म्हणते, तू दाराबाहेर होतास.

दुसऱ्या दिवशी तू बाबांना म्हणालास, "ताईला परत करू दे. मी वाचतो." तेव्हा तुझी हनुवटी जेमतेम टेबलाला पोचत होती. बाबा हसले. तू वाचलंस, मी केलं आणि बोर्ड वाजला. बाबांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं त्यांनी कधीच बघितलं नव्हतं. म्हणाले, "काल काय झालं होतं तुला?" मी म्हटलं, काल लक्ष नव्हतं. मला खरंच तसं वाटलं, बारक्या. मला वाटलं, मी लक्ष दिलं आणि सुटलं ते.

तू कसं शोधून काढलंस ते, एवढासा असताना? पंचवीसमधून वजा करायचं, हे तुला कुणी सांगितलं? का रात्रभर मोजत बसला होतास?

तुला आयर्न धरायचं होतं. मला माहीत होतं, पण मी कधी तिकडे बघितलं नाही. बोर्ड झाला की तू गिटार काढून तीच तुझी ठरलेली धून वाजवायचास, पेडल तपासायला. मला वाजवता येत नाही, तुला जोडायला मिळालं नाही, आणि मी समजत होते की सगळी पेडलं माझी. मासिकात छापून आलं, "सगळं काही एकहाती." मी ते चौकटीत लावलं. तुझ्या स्टुलाच्या बरोबर समोर लावलं. तू किती दिवस ते बघत वाचत होतास, ते मला आज विचारायचा हक्क नाही.

तू परत यावंस असं मला वाटतं. घुबडासाठी नाही. दाढीवाल्याला मी नाही म्हणून सांगेन, दुकानाचं नाव गेलं तर जाऊ दे. स्टूल रिकामं बघवत नाही. शिंपीकाका बसतात त्यावर, पण ते काका आहेत, तू नाहीस. एवढं सरळ मी तुला आधी कधी लिहिलं नव्हतं, तेव्हा नीट वाच.

ताई


१६ फेब्रुवारी

बारक्या,

तुझं पाकीट मिळालं.

आधी पाकीट हलवून बघितलं, पत्र आहे का. मग आत बोट घालून बघितलं. मग पाकीट फाडून सपाट करून बघितलं. एकच कागद होता. आलेखाचा, पेन्सिलीचा, कोपऱ्यात दोन वाटोळे डोळे. घुबड, पण खालच्या बाजूने काढलेलं. चौथी पट्टी, डावीकडून अठरा. प्रत्येक फुली जिथे मला दिसायला हवी तिथेच. आणि मागे दुसरं चित्र, वरच्या बाजूचं, फक्त भागांचं. वरच्या कडेला लहान अक्षरात "हे कुणीही वाचेल."

टोमणा आहे की नाही, मला अजून ठरवता आलेलं नाही. तुझी अक्षरं नेहमीसारखी शहाणी आहेत, त्यांच्यावरून कळत नाही. शिंपीकाका म्हणाले, टोमणा असता तर एवढ्या बारीक रेघा कुणी मारल्या नसत्या. मलाही तसंच वाटतंय. पण मग ते त्याहून वाईट आहे. म्हणजे तू असं बघितलंस की ताईला माझ्याशिवाय कसं जमेल, आणि जमेल अशी सोय करून दिलीस. आता मला वाचायला तू लागत नाहीस. कुणीच लागत नाही. मी तुला "परत ये" लिहिलं आणि तू मला न येता चालेल असं करून पाठवलंस.

दोन्ही घुबडं झाली. पहिल्याच फटक्यात वाजली. आधीचे तीन बोर्ड मुके होते तेव्हा मी चिडले, आदळआपट केली, पण रडले नव्हते. हे वाजलं आणि मी रडले. काकांना वाटलं, शॉक बसला.

दाढीवाला परवा येऊन घेऊन गेला. दुकानातच लावून बघितलं त्याने. तार सोडली, आवाज विरत गेला आणि शेवटी ते हूं आलं. तो डोळे मिटून उभा होता. म्हणाला, "ताई, तुमच्या हातात जादू आहे." मी म्हटलं, हात माझा आहे, बाकी माझ्या भावाचं आहे. हा कागद त्याचा, त्याच्या आधीचा कागदही त्याचा, आणि इतकी वर्षं मी जे कट केले त्यातला एकही मला तो नसताना जमला नसता. तो म्हणाला, "मग मासिकात..." मी म्हटलं, मासिकात मी चुकीचं सांगितलं. काका ऐकत होते, म्हणून त्यांना पुन्हा सांगितलं. आता येईल त्या प्रत्येकाला सांगते. काल वीजबिल द्यायला आलेल्या माणसालासुद्धा सांगितलं. तो "बरं बरं" म्हणून गेला.

मासिकाचं पान चौकटीतून काढलं. तिथे तुझा हा कागद लावलाय. त्याच्यावरून आणखी घुबडं मी करणार नाही.

आता नीट ऐक. या पत्राबरोबर एक खोकं येईल. त्यात बाबांचं आयर्न आहे, त्याचा स्टँड, सोल्डरची गुंडाळी, कट करायचं ड्रिलचं टोक, एक कोरा बोर्ड आणि घुबडाचे सगळे भाग पुड्यांत बांधून, वर नावं लिहून. खुर्ची पोस्टाने घेत नाहीत, नाहीतर तीही पाठवली असती. आपण इतक्या लोकांना घुबडं करून दिली आणि तुझ्याकडे तुझं एक नाही, हे माझ्या लक्षात यायला तुला जावं लागलं. हे तुझं. ते तू करायचंस, तुझ्या हाताने. आयर्न तापायला वेळ लावतं, बाबांसारखंच, घाई करू नकोस.

कागद खोक्यात नाही. शोधू नकोस. तुझा पहिला, वरून काढलेला कागद माझ्याजवळ आहे, तो मी ठेवून घेतलाय. गेला आठवडाभर मी तो मोठ्याने वाचते आहे, कट आला की उलटा करून. पहिल्या दिवशी निम्मे चुकले. मनगटाकडे बघून उपयोग नाही, वजाबाकीच करायला लागते. काका पलीकडून भिंतीवर ठोकतात, एकदा ठोकलं तर बरोबर, दोनदा ठोकलं तर चूक. काल फक्त तीनदा दोन ठोके आले. तुझ्यासारखं पटकन येत नाही मला. तू ते लहानपणी रात्रीत शिकलास आणि मी आता या वयात शिकते आहे, तर थोडं सांभाळून घे.

रविवारी सकाळी फोन करीन. बायकोला उचलू देऊ नकोस. माझ्याशी बोलायचं नसेल तर बोलू नकोस, तो तुझा हक्क आहे. खोकलास तरी मला कळेल की तू आहेस. नुसता फोन कानाशी धर, आयर्न तापवून ठेव, आणि बोर्ड उलटा कर, तांब्याच्या पट्ट्या तुझ्याकडे. मी वाचते.

वरून चौथी पट्टी. कागदावर सात आहे. पंचवीसमधून सात... थांब, झोपले नाहीये मी. अठरा. डावीकडून अठरा.

काप.

ताई